निघाला का?

तगाद्यांनी खुर्ची ओढत आणली, बरोबर प्रेससमोर ठेवली, रुमालानं पुसली आणि मांडीवर फोन घेऊन बसले.

"इथं शेक लागेल तुम्हाला," कारखान्याचे मालक काका म्हणाले. "ऑफिसात पंखा आहे."

"असू दे. शेवटची गादी निघेपर्यंत मी इथून हलत नाही."

"बसा की. कारखाना तुमचाच आहे." काका हसले आणि खिशातल्या फडक्यानं चष्मा पुसत ऑफिसकडे गेले. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली. तिथल्या टेबलावरून प्रेस दिसायची आणि प्रेसवरून टेबल.

प्रेस काकांची सून चालवत होती. केस घट्ट बांधलेले, हातात कोपरापर्यंत जाड मोजे. तिनं पाहुण्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा घड्याळाच्या तबकडीसारख्या त्या तापमापकाकडे नजर लावली. दोन तापलेल्या लोखंडी पाटांमध्ये साचा दाबला गेला होता आणि साच्यात रबर शिजत होतं. मध्ये पोलादाचे पत्रे, वर-खाली रबर, असा तो जाड चौकोनी ठोकळा. कागदोपत्री त्याला बेअरिंग म्हणत. पुलावरची माणसं गादीच म्हणायची, कारण पुलाचा खांब आणि वरची तुळई यांच्यामध्ये तो गादीसारखाच पडून राहायचा आणि वरचा सगळा भार मुकाट्यानं सोसायचा.

"निघायला किती वेळ?" तगाद्यांनी विचारलं.

"शिजेल तसं," ती म्हणाली.

हे काही उत्तर नव्हतं. पण बाईमाणसाशी पहिल्याच वाक्याला हुज्जत कशी घालायची, म्हणून तगाद्यांनी फोनकडे पाहिलं. पत्र्याच्या शेडखाली नेटवर्कचा एकही दांडा दिसत नव्हता.

तगादे हे त्यांचं आडनाव नव्हतं. महामार्ग बांधणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात ते लागले, तेव्हा आठवड्याभरात कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की नवे पुरवठादार पाकिटावर तेच लिहू लागले. खरेदी म्हणजे वस्तू विकत घेणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. विकत कोणीही घेईल. ऑर्डर दिलेली वस्तू ठरल्या दिवशी ठरल्या जागी येऊन पडणं, ही खरी खरेदी, आणि त्यासाठी कोणाच्या तरी खनपटीला बसावं लागतं. तगादे बसायचे. सकाळी कामावर आल्याबरोबर एक फोन, जेवणानंतर दुसरा आणि निघताना जमलं तर तिसरा. सिमेंटवाल्यापासून दिव्यांच्या खांबवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांचा आवाज पाठ होता. रस्त्यावर लावायच्या पाट्या आल्या तेव्हा विभागातल्या टारगटांनी त्यातली नमुन्याची एक पाटी तगाद्यांच्या खुर्चीमागे टांगली. 'अति घाई संकटात नेई.' तगाद्यांनी ती काढली नाही. उलट आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. आपल्या घाईमुळे आजवर एक काम अडलं नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि ते खरंही होतं.

आज मात्र फोनवर न भागवता ते स्वतः येऊन बसले होते.

काम नदीवरच्या पुलाचं होतं. पूल दोन गाळ्यांचा, म्हणजे खांबाखांबांमधल्या दोन टप्प्यांचा. पहिल्या गाळ्याच्या गाद्या काकांच्या कारखान्यातूनच गेल्या, बसल्या, वर काँक्रीट पडलं आणि आता त्यावर खडीचे डंपर उभे राहत होते. दुसऱ्या गाळ्याच्या तुळया मात्र अजून जॅकवर तोलून धरल्या होत्या. जॅक म्हणजे तात्पुरता आधार. त्यानं तुळई उचलायची, गादी सरकवायची आणि खाली टेकवायची, एवढंच त्याचं काम. महिनोन्‌महिने खांदा द्यायला तो बनलेला नसतो. गाद्या 'उद्या' येणार म्हणून जॅक लावले गेले, आणि मग तो उद्या काही केल्या येईना. आता त्यातल्या एकातून तेल झिरपत होतं. रोज सकाळी कोणीतरी तुळईखाली वाकत जाऊन तो पुन्हा चढवायचा.

तो कोणीतरी म्हणजे तगाद्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. साइटवरचा इंजिनिअर. त्याला या कामावर चिकटवलं होतं तेही तगाद्यांनीच.

सकाळी डबा हातात देताना बायको दारातच अडून उभी राहिली होती.

"मला तुमचं ते बेअरिंग-फिअरिंग काही कळत नाही," ती म्हणाली होती. "त्याला त्या पुलाखालून बाहेर काढा."

"आज शेवटची गादी निघाली की संपलं. आज निघेल."

"हे तुम्ही मागच्या आठवड्यात पण म्हणालात."

"आज मी स्वतः जाऊन बसतोय ना!"

त्यावर तिनं डबा हातात ठेवला आणि दारातून बाजूला झाली होती. 

प्रेसचा शेक आता गुडघ्यांना जाणवू लागला. तगाद्यांनी खुर्ची वीतभर मागे घेतली. सूनबाई एका बाजूच्या ओट्यावर पुढच्या साच्यासाठी पत्रे पुसून ठेवत होती. दोन गाद्या गुंडाळून दाराशी तयार होत्या. ही निघाली की गाडी भरायची.

"साहेब, चहा सांगू?" काकांनी काचेतून विचारलं.

"नको. हे निघू दे आधी."

काका बाहेर आले आणि प्रेसच्या खांबाला टेकून उभे राहिले. सत्तरीचा माणूस, पण पाठ ताठ. वडिलांनी सुरू केलेला कारखाना. आधी यंत्रांच्या पायाखालचे रबरी ठोकळे, दारांच्या पट्ट्या, पाइपांच्या चकत्या असला बारीकसारीक माल. पुलाच्या गाद्या त्यांनी या एका ऑर्डरीपुरत्या पहिल्यांदाच केल्या होत्या. मोठ्या कारखान्यानं सांगितलेली मुदत ऐकून तगाद्यांनी कपाळाला हात लावला होता, आणि मग शोधत शोधत इथे आले होते. काकांनी निम्म्या वेळात देतो म्हटलं. बाकी कोणाच्या शब्दावर तगाद्यांनी विश्वास ठेवला नसता. पण या बाजारात काकांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. हा माणूस खोटं बोलत नाही. माल तयार नसेल तर नाही म्हणेल, शिव्या खाईल, पण 'गाडी रस्त्यात आहे' अशी थाप मारणार नाही. ज्यांचा निम्मा दिवस थापा ऐकण्यात जातो, त्या तगाद्यांना हे अमृतासारखं वाटलं होतं. आणि काकांनी त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. 'निघाला का?' म्हणून फोन केला आणि काका 'निघाला' म्हणाले की तो निघालेलाच असायचा.

फक्त साच्यांच्या दुरुस्तीत मध्यंतरी काही आठवडे गेले होते. त्यामुळेच आजची ही वेळ आली होती.

"शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, असं आमची आई म्हणायची," काका म्हणाले. "तुम्हाला तर शिजेपर्यंतही धरवत नाही."

"माझा मेहुणा त्या जॅकखाली जातो रोज, काका."

काकांचं हसू मावळलं. "माहीत आहे मला. म्हणून तर आम्ही जिवाचं रान करतोय."

तगाद्यांना त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. आपण माणसाच्या इतके मागे लागतो, पण हा एका शब्दानं वैतागत नाही. त्यांनी मान हलवली आणि उठले. खिशातला फोन हातात घेऊन ते शेडबाहेर आले, फाटकाबाहेर आले, आणि नेटवर्कच्या शोधात रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथे त्यांची गाडी झाडाखाली उभी होती. ड्रायव्हर बॉनेटवर पाय पसरून बसला होता. साहेबांना बघून तो खाली उतरला.

फोनला जाग येताच तो थरथरत सुटला. कंपनीतल्या मोठ्या साहेबांचे सुटलेले कॉल. मेहुण्याचा एक.

तगाद्यांनी आधी मेहुण्याला लावला.

"दाजी, निघाला का?"

"प्रेसमध्ये आहे. तासाभरात गाडी हलेल. तुझं काय?"

"माझं काय, मी आणि जॅक, दोघंही हळूहळू खचतोय." तो हसला, पण हसणं नेहमीचं नव्हतं. "सकाळी पुन्हा चढवला. दाजी, मी काय म्हणतो, लोखंडाचे ठोकळे रचून तुळया त्यावर उतरवून ठेवूया. जॅक मोकळे होतील, आपणही निवांत झोपू."

"त्यात किती दिवस जातील?"

"आठवडा तरी जाईलच. म्हणून तर मोठे साहेब नको म्हणतायत. गाद्या येतातच आहेत, मग ठोकळ्यांचा घाट कशाला, म्हणे. तुम्ही सांगितलंय ना त्यांना, आज येतात म्हणून."

"येतात. आज येतात."

"मग झालं. आणि हो, त्या पहिल्या गाळ्याच्या गादीचं बघा हं. पोट आणखी सुटलंय तिचं. अगदी तुमच्यासारखं."

"नवीन गादी थोडी दबणारच. काकांना विचारलं होतं मी. वजन आलं की रबर फुगतं."

"असेल. पण शेजारची नाही फुगली. तिला पण ताईच जेवायला घालते की काय?"

"डोकं खाऊ नकोस. ठेव."

मोठ्या साहेबांचं बोलणं याहून थोडक्यात झालं. आज माल निघाला नाही तर उद्या माझ्या टेबलासमोर उभं राहून कारण सांगायचं, आणि कारण तयार करायला रात्र आहेच, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "गाडी पुढच्या दाराला लावू की मागच्या? आत्ताच वळवून घेतो. थोड्या वेळानं इथं वळायला जागा राहत नाही."

कुठलं दार, हे तगाद्यांना माहीत नव्हतं. रस्त्यावरून एकामागून एक ट्रक धडधडत चालले होते. एवढ्यासाठी पुन्हा रस्ता ओलांडायचा कोणी, म्हणून त्यांनी तिथूनच काकांच्या ऑफिसचा नंबर लावला.

कारखान्याचं मोठं शटर वर गुंडाळलेलं होतं. पलीकडच्या फुटपाथवरून आतलं सगळं दिसत होतं. एका कोपऱ्यात काचेची खोली, तिच्यात काका, टेबलावर आकडे दिसणारा जुना फोन. दुसऱ्या बाजूला प्रेस, तिच्यासमोर त्यांचीच रिकामी खुर्ची.

फोन वाजलेला त्यांना ऐकू आला नाही. काकांची मान वळलेली दिसली. काकांनी वाकून फोनच्या काचेवरचा नंबर वाचला. रिसीव्हर उचलला नाही. आधी त्यांनी उजवा हात वर केला. डोक्याच्या वर, ताठ, जसा रस्त्यातून जाणाऱ्या ओळखीच्याला थांबवायला करतात तसा.

सूनबाईनं हातातला पत्रा खाली ठेवला. प्रेसजवळ गेली आणि दांडा ओढला.

प्रेसचं तोंड हळूहळू उघडलं. करडा धूर वर चढला. तिनं साचा पुढे ओढला, झाकण उचललं.

मग काकांनी रिसीव्हर उचलला.

"निघाला साहेब! आत्ता निघाला!"

तगाद्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"हॅलो? साहेब? निघाला म्हटलं. ऐकू येतंय ना?"

"गाडी," तगादे म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "गाडी कुठल्या दाराला लावायची?"

"मागच्या. मागच्या दाराला लावा."

ड्रायव्हर उत्तराची वाट पाहत होता. तगाद्यांनी त्याला हातानं थांब अशी खूण केली आणि रस्ता ओलांडला. दोन्हीकडे न बघता ओलांडला असावा, कारण मागून कोणीतरी आईवरून शिवी दिली. ती त्यांच्या कानात शिरली, पण डोक्यापर्यंत गेली नाही.

गादी ओट्यावर होती. काळी, कोपरे धारदार, अंगावर वाफ. देखणी दिसत होती.

"बघा," काका म्हणाले. "तुम्ही फोन केलात आणि ही निघाली."

"काका, निघाला का असं मी विचारलंच नव्हतं."

"तुम्ही दुसरं काय विचारता?" काका मनापासून हसले.

तगाद्यांना हसू आलं नाही. "तुम्ही हात वर केलात. मग यांनी प्रेस उघडली. मग तुम्ही फोन उचललात."

"बरोबर."

"दर वेळी असंच करता?"

"मग काय करू?" काकांना प्रश्नच कळला नाही. "तुमचा फोन आला आणि माल आत असला तर काय सांगायचं तुम्हाला? निघाला म्हणून थाप मारू? आजवर कोणाला मारली नाही, ती तुम्हाला मारू? आणि नाही निघाला म्हटलं की तुमचा जीव टांगणीला. तुमचा मेहुणा तिथं. म्हणून म्हटलं, काढा. काढला की निघाला. मग खरं तेच सांगायचं."

"पण तो शिजायचा असेल तर?"

"तो बाहेर पण शिजतो की! गरम असतो तोवर आतल्या आत पिकत राहतो. आमच्या वडिलांपासून आम्ही थोडा आधीच काढतो. यंत्राच्या पायाखालचे ठोकळे सगळे असेच गेलेत, एक परत नाही आला."

"ते किती जाड असतात?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, दोन बोटं वर करून त्यांच्यात अंतर दाखवलं, आणि ओट्यावरच्या गादीकडे पाहिलं. बोटं तशीच राहिली.

"याचं थोडं राहिलं होतं, बाबा," सूनबाई हळूच म्हणाली. "पण बाहेरून कडक आलंय."

तपासणीसाठी एक गादी कापली होती, प्रयोगशाळेत दाबून पाहिली होती, उत्तम म्हणून शिक्का घेऊन आली होती. पण ती अगदी पहिली गादी होती. ऑर्डर नवी होती, घाई लागली नव्हती, तगाद्यांनी अजून फोन करायला सुरुवात केली नव्हती. त्यानंतर रोज सकाळी आल्याबरोबर, रोज जेवणानंतर. आता कितीही आठवलं तरी कुठल्या फोनला कुठली गादी आत होती, हे कोण सांगणार?

"ही कापा," ते म्हणाले.

"काय?"

"कापा, काका. मधोमध."

"अहो, चांगला माल..."

"कापा. खर्च माझ्या नावावर घाला."

काकांनी सुनेकडे पाहिलं. ती गादी ट्रॉलीवर घेऊन शटरजवळच्या करवतीकडे गेली. पत्र्यांवर करवत किंचाळली, ठिणग्या उडाल्या, जळक्या रबराचा वास सुटला. तगादे त्या आवाजात नुसते उभे होते. मनात ते नवस बोलल्यासारखं एकच म्हणत होते, की कडक निघू दे. आतपर्यंत कडक निघू दे, म्हणजे मी म्हातारा वेडा आहे असं म्हणून सगळे हसतील आणि गाडी भरायला लागतील.

दोन तुकडे झाले. कडेचं रबर काळंशार आणि टणक होतं. पण पत्र्यांच्या मधोमध, अगदी पोटात, त्याचा रंग मंद पडला होता. तगाद्यांनी अंगठा टेकवला. रबर गरम होतं, आणि चिकट होतं. अंगठा काढल्यावर ठसा तिथेच राहिला. फुगलेल्या भाकरीत मधला भाग कच्चा राहावा, तसं ते दिसत होतं.

काकांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, मग स्वतःचा अंगठा लावला. तगाद्यांच्या ठशाशेजारी दुसरा ठसा उमटला. काका मागे सरले, चाचपडत तगाद्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

"मी कधी खोटं बोललो नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"एकदाही नाही."

"माहीत आहे, काका."

तगाद्यांना भीती वाटत होती. ती त्यांनी स्वतःपासून लपवली नाही. मोठा कारखाना सोडून या शेडवर शिक्का मारणारा हात त्यांचाच होता. उद्या मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून ते काय सांगणार होते? माल कच्चा आहे, आणि तो कच्चा राहिला कारण मी फोन करत होतो? विभागातली पोरं खुर्चीमागची पाटी वाचून मान खाली घालतील. नोकरी राहीलच असं नाही. क्षणभर त्यांचे डोळे दाराशी गुंडाळून ठेवलेल्या दोन गाद्यांवर गेले. त्या कापलेल्या नव्हत्या. त्या चांगल्याही असतील. या दोन पाठवल्या, एक मागून दिली, तर पूल उभा राहील, कदाचित वर्षानुवर्षं राहील, आणि मेहुणा आज जॅकखालून सुटेल. आज सुटेल. बायकोला फोन करून सांगता येईल. कापलेले तुकडे इथेच भट्टीत जातील आणि इथली तिघं सोडून कोणाला कळणारही नाही.

एकाच गादीचं पोट सुटलंय, शेजारची नाही फुगली.

शटरच्या उजेडात उभ्या असलेल्या तगाद्यांच्या हातातल्या फोनला नेटवर्कचा एक दांडा सापडला आणि तो वाजला. मेहुणा होता.

"दाजी, निघाला का?"

तगाद्यांनी तुकड्याकडे पाहिलं. अंगठ्याला रबर लागलं होतं, ते पँटला पुसलं गेलं.

"नाही," ते म्हणाले.

"अरे देवा. मग किती वाजेपर्यंत?"

"आज नाही निघणार. ठोकळे लावायला घे."

पलीकडे मेहुण्याचा आवाज मोकळा झाला. "खरंच? मोठे साहेब हो म्हणाले?"

"मी सांगतो त्यांना. तू सुरू कर. आत्ता लगेच."

"घेतो. दुसऱ्या गाळ्याला दुपारपर्यंत माणसं लावतो..."

"दोन्ही गाळ्यांना."

"दोन्ही?"

"दोन्ही. पहिल्या गाळ्यावरचे डंपर आधी खाली उतरव. खाली कोणाला उभं राहू देऊ नकोस."

"दाजी, पहिल्या गाळ्याला तर गाद्या बसल्यात."

पलीकडून नदीवरचा वारा फोनमध्ये घोंघावत होता. कुठेतरी डंपर मागे घेतल्याचा टूंटूं आवाज येत होता. मेहुण्याला त्या गादीचं सुटलेलं पोट आठवलं असावं, कारण त्यानं पुढे काही विचारलं नाही.

"बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ताईला काय सांगू?"

"तिला मी सांगतो. तू आधी बाहेर ये."

फोन ठेवून ते आत आले. सूनबाईनं नवा साचा भरला होता. पत्रे, रबर, पत्रे, रबर. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात रिकामे ठेवणं तिला जमत नसावं. तिनं झाकण लावलं, साचा ढकलला आणि दांडा वर केला. प्रेसचं तोंड मिटलं.

ती तगाद्यांकडे वळून थांबली. ते आता काय विचारणार हे तिला माहीत होतं. तगाद्यांच्याही ओठांवर ते आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि एक रिकामा डबा उपडा घालून काकांच्या शेजारी बसले.

"पूर्ण शिजू दे," ते म्हणाले. "लागेल तेवढा वेळ घ्या. ही पण कापून बघायची."

तिनं मान हलवली.

सूनबाई प्रेसजवळ तापमापकाकडे नजर लावून उभी राहिली. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यानं शेडचा पत्रा थरथरत होता. ड्रायव्हर एकदा शटरपाशी येऊन डोकावला, आतल्या माणसांचे चेहरे बघून परत गेला.

मग ऑफिसातला फोन वाजला. मोबाईल लागत नसला की मोठे साहेब तिथे करणार, हे तगाद्यांना ठाऊक होतं. काका उठले, काचेच्या खोलीत गेले, वाकून नंबर वाचला. आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

हात वर गेल्यावरच त्यांना तो दिसला. ते तसेच थांबले, हात हवेत, तोंड उघडं. पण प्रेसजवळ सूनबाईनं तो पाहिला होता आणि तिचा हात सवयीनं दांड्यावर गेला होता.

तगादे उठले. काकांच्या बाजूनं जाऊन त्यांनी स्वतः रिसीव्हर उचलला.

पलीकडून प्रश्न आला. तोच, दोन शब्दांचा.

"नाही, साहेब," तगादे म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं काचेतून सुनेला खूण केली, राहू दे.

तिनं दांड्यावरचा हात काढून घेतला.